रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे गणेश विसर्जन आटोपून झोपली होती. जमीन हादरली आणि दगड-मातीच्या जाडजूड भिंती वरच्या धाब्यासकट माणसांच्या अंगावर आल्या. पुढे लष्कर आले, डॉक्टरांची पथके आली, देशभरातून स्वयंसेवी संस्था आल्या. पण किल्लारीत आणि आसपासच्या गावांत अंधारात पहिला दगड बाजूला केला तो वाचलेल्या गावकऱ्यांनी. शेजाऱ्याने शेजाऱ्याला काढले, भावाने भावाला काढले.

भूकंप असो, पूर असो की महामार्गावरचा अपघात, पहिला अर्धा तास तिथे हजर असलेल्या माणसाच्याच हाती असतो. त्या माणसाला काय येते, यावर पुष्कळ काही ठरते. दगडाखाली अडकलेल्याला दंडाला धरून खेचले, तर दुखावलेल्या मणक्याला कायमची इजा होऊ शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतले, तर ते श्वासनलिकेत जाते. हे सगळे लोक कळवळ्यानेच करतात. मदतीला धावून जाण्यात आपली माणसे कधीच मागे पडलेली नाहीत, फक्त धावण्याआधी शिकून घ्यायचे राहून गेलेले असते. हे शिक्षण देणारी देशव्यापी संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. तिचे नाव इंडियन रेडक्रॉस सोसायटी. बहुतेकांना ती रक्तपेढीच्या पाटीपुरतीच माहीत असते. तिच्याकडून आपल्या घराला, वस्तीला, शाळेला काय मिळवता येईल, याची ही माहिती.

रेडक्रॉसचा जन्मच मुळी शिक्षणाअभावी वाया गेलेल्या मदतीतून झाला. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतल्या सोल्फेरिनो इथे फ्रान्स-सार्डिनिया आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा भिडल्या. दिवसभरात सुमारे ४०,००० सैनिक मेले किंवा जखमी झाले. जिनिव्हाचा एक व्यापारी, हेन्री ड्युनांट, आपल्या धंद्याच्या कामासाठी त्या भागात आला होता. जवळच्या कास्तिल्योने गावात जखमींची रीघ लागली होती. चर्चमध्ये, घरांत, रस्त्यावर सैनिक पडलेले होते. गावातल्या बायाबापड्यांनी पाणी आणले, चिंध्यांच्या पट्ट्या केल्या, आणि आपला-परका न बघता सर्वांची सेवा केली. ड्युनांटही त्यांच्यात मिसळून गेला. तरीही कितीतरी जखमी वाचवता आले नाहीत, कारण जखम कशी बांधायची हे ठाऊक असलेले हात फार थोडे होते. १८६२ मध्ये त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यात एक साधी मागणी केली: शांततेच्या काळातच स्वयंसेवकांना शिकवून तयार ठेवणाऱ्या संस्था प्रत्येक देशात का असू नयेत? १८६३ मध्ये जिनिव्हात समिती स्थापन झाली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. १९०१ चे शांततेचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक ड्युनांटला फ्रेडरिक पासी यांच्यासह विभागून मिळाले. आज १९० हून अधिक देशांत रेडक्रॉस किंवा रेडक्रेसेंटची राष्ट्रीय संस्था आहे आणि एका देशात अशी एकच संस्था असते.

भारतात पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांसाठीचे काम सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि ब्रिटिश रेडक्रॉसच्या संयुक्त समितीमार्फत चाले. युद्ध संपल्यावर मार्च १९२० मध्ये कायदेमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि इंडियन रेडक्रॉस सोसायटी अस्तित्वात आली. त्यामुळे ही नेहमीच्या नोंदणीकृत संस्थांसारखी संस्था नाही. तिच्या पाठीशी कायदा आहे. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष असतात, राज्य शाखेचे अध्यक्षपद राज्यपालांकडे असते आणि जिल्हा शाखेचे जिल्हाधिकाऱ्यांकडे. महाराष्ट्र शाखेचे कार्यालय मुंबईत फोर्टच्या टाउन हॉलमध्ये आहे. सामान्य माणसाला मात्र मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याची शाखा कुठे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात विचारले की कळते. काही जिल्ह्यांत शाखा फार जोमाने चालते. जळगावची शाखा तिच्या रक्तपेढीमुळे खानदेशात घरोघरी माहीत आहे. काही ठिकाणी शाखा कागदोपत्रीच उरलेली दिसेल. तसे असेल तर दहा-बारा उत्साही सभासद एकत्र येऊन अर्ज घेऊन गेले की चक्र फिरू लागते, कारण शाखा चालते ती सभासदांवर आणि स्वयंसेवकांवर.

सभासद होणे सोपे आहे. वार्षिक आणि आजीव असे सभासदत्वाचे प्रकार आहेत. अर्ज आणि शुल्क जिल्हा शाखेतच भरता येते. शाळकरी मुलांसाठी ज्युनियर रेडक्रॉस आहे, महाविद्यालयांसाठी युथ रेडक्रॉस. आपत्तीत प्रत्यक्ष उतरण्याची तयारी असणाऱ्यांना शाखा वेगळे प्रशिक्षण देते आणि त्यांची पथके बांधते. वर्गणी भरणारा सभासद आणि वेळ देणारा स्वयंसेवक यांपैकी एकाचीच निवड करायची झाली, तर आधी स्वयंसेवक व्हावे. सभासदत्वाचे कार्ड पाकिटात पडून राहते, हाताला लागलेले वळण मात्र चटकन विसरत नाही.

या सगळ्यात घराघराच्या कामाची गोष्ट म्हणजे प्रथमोपचाराचा वर्ग. रेडक्रॉस आणि तिची सोबतीण सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या दोन्ही संस्था हे वर्ग घेतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस सक्तीचा केला होता. एसटीच्या वाहकाला बॅजसाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे कारखान्यात आणि बसमध्ये जे आवश्यक ठरले, ते सोसायटीत, शाळेत आणि शेतावर ऐच्छिकच राहिले आहे. वर्ग एका दिवसाचेही असतात आणि काही दिवसांचेही. नाव घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करायला मिळणार का? नुसत्या पडद्यावर चित्रे दाखवून दिलेल्या प्रमाणपत्राचा प्रसंगाला उपयोग होत नाही. छाती किती जोरात दाबायची, हे हाताखाली पुतळा असल्याखेरीज कळतच नाही.

वर्गात पहिला धडा असतो स्वतःच्या सुरक्षिततेचा, आणि नवख्यांना तोच थोडा आपमतलबी वाटतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्याने उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या घडीला नावेत चढणाऱ्याला आणि चढवणाऱ्याला दोष देता येत नाही. चारी बाजूंनी पाणी चढत होते. पण अशा घडीला नेमके किती जण बसवायचे, हे ठामपणे सांगणारा शिकलेला माणूस काठावर असणे किती मोलाचे असते, हे त्या दुर्घटनेने दाखवले. बुडणाऱ्याला वाचवायला पट्टीच्या पोहणाऱ्यानेही थेट उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. दोर, साडी, लांब बांबू, घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताशी असेल ते आधी फेकावे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. रस्त्यावर जखमीकडे धावण्यापूर्वी मागून येणारी वाहने थांबवण्यासाठी कोणाला तरी उभे करावे.

आता रक्तस्राव. हातापायाच्या खोल जखमेतून रक्त उसळत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी आणि दाब सोडू नये. कापड भिजले की ते काढून बघण्याचा मोह होतो. तो टाळून त्याच्यावरच दुसरे कापड ठेवावे. जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसू नये. आजूबाजूने दाब द्यावा. हळद, कॉफी पूड, माती, राख यांपैकी काहीही जखमेत भरू नये. ते डॉक्टरांना नंतर खरवडून काढावे लागते आणि तेवढा वेळ वाया जातो. प्रथमोपचाराच्या पेटीतली सर्वात उपयोगी वस्तू कोणती, असे विचारले तर अनुभवी शिक्षक त्रिकोणी पट्टीकडे बोट दाखवतात. तीच झोळी होते, तीच फळी बांधायला लागते, तिचीच घडी करून दाब देता येतो. पेटी नसेल तेव्हा उपरणे, पंचा, ओढणी ही कामे करते. नाकातून रक्त आले की डोके मागे टाकायला सांगतात. प्रत्यक्षात माणसाला बसवून थोडे पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा.

हृदय बंद पडण्याचा प्रसंग सर्वात कमी वेळ देणारा. एखादा माणूस अचानक कोसळला, हाका मारून आणि खांदे हलवून प्रतिसाद नाही, श्वास थांबला आहे किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतो आहे, तर हृदय थांबले असे समजून कामाला लागावे. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. ते बघून ‘श्वास चालू आहे’ असे वाटल्याने कितीतरी लोक थांबून राहतात. जवळच्या एकाला नाव घेऊन किंवा बोट दाखवून सांगावे, ‘तुम्ही १०८ ला फोन लावा.’ गर्दीत नुसते ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले तर कोणीच करत नाही. मग माणसाला कडक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून कोपर ताठ ठेवून दाबावे. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. शिकलेल्या माणसाने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. न शिकलेल्याने श्वासाच्या भानगडीत न पडता दाब देत राहावे. हे काम अंग मोडणारे आहे, दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून दुसऱ्याने पाळी घ्यावी. मदतीविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि कुठलीही रुग्णवाहिका दोन मिनिटांत दारात येत नाही. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. तिने असंख्य जीव वाचवले आहेत, पण घाट, पाऊस आणि शहरातली कोंडी तिच्याही वाटेत येते.

विहिरीतून किंवा नदीतून काढलेल्या माणसाला पालथे टाकून, पोट दाबून किंवा लहान मुलाला उलटे धरून पाणी काढण्याची पद्धत गावोगाव आहे. ती सोडून द्यायला हवी. पोटातले पाणी काढण्यात जो वेळ जातो त्यात मेंदूला प्राणवायू मिळत नाही. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना छातीदाबाबरोबर तोंडाने श्वास देणे फार महत्त्वाचे असते, आणि ते नीट जमायचे तर वर्गात शिकावेच लागते.

साप हा महाराष्ट्राच्या खेड्यांतला रोजचा धोका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आपल्याकडे सापडतात. कोकणात फुरशाचा, तर देशावर घोणसाचा उपद्रव मोठा. मण्यार फसवी असते. ती रात्री, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दातांची खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा माणसाला ‘पित्त झाले’ म्हणून घरात ठेवू नये. साप चावला की चावलेल्या जागी चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने आवळून बांधणे, कडुनिंबाचा पाला किंवा मिरची खायला देऊन चव विचारणे, मांत्रिकाकडे किंवा देवळात नेणे, हे सारे टाळावे. दोरीने आवळले तर विष त्याच जागी साचून अवयव सडू शकतो. अंगठी, घड्याळ, जोडवी, पैंजण लगेच काढावीत, कारण सूज आली की ती रुतून बसतात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून तो स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, धीर द्यावा आणि थेट ज्या रुग्णालयात प्रतिविष आहे तिथे न्यावे. वाटेतच फोन करून ‘प्रतिविष आहे ना?’ असे विचारून घ्यावे. साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. भारतात मिळणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते, आणि साप मारायच्या नादात दुसराही माणूस चावला जातो. आपल्या तालुक्यातल्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष ठेवलेले असते, याची चौकशी पेरणीपूर्वीच करून तो नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

विंचवाबाबतही वेळेचेच महत्त्व. महाडला राहून काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप घटले. पण हे औषध पोहोचते ते रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णापर्यंतच.

कीटकनाशकाची विषबाधा हाही असाच, बोलण्यात न येणारा धोका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. फवारणी करताना माणसाला मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, लाळ सुटणे असे काही जाणवले तर त्याला तातडीने शेताबाहेर हवेशीर जागी आणावे, अंगावरचे कपडे काढावेत आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे. हे करणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात, नाहीतर विष त्याच्या कातडीतून जाते. कीटकनाशक पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्यावा. त्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

भाजण्यावर थंड वाहते पाणी २० मिनिटे धरावे, एवढे एकच लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ, बटाट्याचा कीस काही नको. बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैल झाकून न्यावे. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालू नये, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे आणि घड्याळ बघावे. ५ मिनिटांहून जास्त चालली तर १०८.

रस्त्यावरच्या जखमीबद्दल लोक घाबरतात ते पोलिसांच्या चौकशीला. ही भीती आता निराधार आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की कोणत्याही डॉक्टरने अपघातग्रस्तावर आधी उपचार करावेत, कागदपत्रे नंतर. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचे की नाही हे तो ठरवतो, रुग्णालयाने त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्यासाठीच्या बक्षिसाची रक्कम केंद्र सरकारने २०२५ मध्ये ५ हजारांवरून २५ हजार रुपये केली. हे कलम मोबाइलमध्ये जपून ठेवावे आणि कोणी अडवले तर दाखवावे. जखमीला पाणी पाजण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. शुद्धीवर असला तरी पाजू नये, कारण तासाभरात शस्त्रक्रिया करावी लागू शकते. दुचाकीस्वाराचा श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. ते काढावेच लागले तर एकाने मान आणि डोके स्थिर धरावे, दुसऱ्याने काढावे.

रक्ताच्या बाबतीत देशाने मोठी मजल मारली आहे. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली, आणि स्वेच्छेने देणाऱ्यांवरच सारी भिस्त आली. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांनी दोन वेळांमध्ये ९० दिवसांचे, स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. नेत्याच्या वाढदिवशी एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमवण्याच्या स्पर्धेबद्दल मात्र मंडळांनी गंभीरपणे विचार करावा. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर अवघे ५ दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत रक्तपेढ्या कोरड्या पडतात. त्यामुळे शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून, तिच्या गरजेप्रमाणे ठरवावी. शिबिराला आलेल्यांची वर्षभरात वाटणी करून दर महिन्याला थोडे थोडे दाते पाठवणारे मंडळ रुग्णांच्या दृष्टीने जास्त मोलाचे काम करते.

आपत्तीनंतर काय द्यावे, यावरही रेडक्रॉसकडून शिकण्यासारखे आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचले. कोणी वापरले नाहीत आणि ते हलवण्यात माणसे गुंतून पडली. संकटात सापडलेल्या माणसालाही मान असतो, आणि फाटक्या कपड्यांनी तो दुखावतो. रेडक्रॉसच्या गोदामात आधीपासून बांधून ठेवलेल्या कुटुंबसंचात ताडपत्री, स्वयंपाकाची भांडी, बादली, चादरी, मच्छरदाणी, साबण अशा नव्या वस्तू असतात, कारण घर गेलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात याच गोष्टी लागतात. स्त्रियांसाठी सॅनिटरी पॅड आणि अंतर्वस्त्रे यादीत पहिल्यांदा घालावीत. हीच गोष्ट सगळे विसरतात. ट्रक भरण्यापूर्वी जिल्हा शाखेला फोन करून काय कमी आहे ते विचारावे. पैसे पाठवले तर ते नेमक्या गरजेला लागतात आणि स्थानिक बाजारही सावरतो.

वाटप कसे करावे, हे १९६५ मध्ये व्हिएन्नात स्वीकारलेल्या रेडक्रॉसच्या सात मूलतत्त्वांपैकी निःपक्षपातीपणाच्या तत्त्वात सांगितले आहे: जात, धर्म, पक्ष, ओळख न बघता ज्याची गरज जास्त त्याला आधी. गावात हे पाळणे अवघड असते. पूरग्रस्तांची यादी सरपंचाच्या ओट्यावर बसून केली की वरच्या आळीतली घरे आधी येतात. म्हणून स्वयंसेवकांनी स्वतः फिरून, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, विधवा, अपंग, गर्भवती आणि गावकुसाबाहेरची घरे आधी नोंदवावीत. वस्तू देताना घेणाऱ्याचा फोटो काढू नये.

लाल क्रॉसच्या चिन्हाबद्दल एक विनंती. डॉक्टरांच्या गाड्या, औषधांची दुकाने, खासगी रुग्णवाहिका, मंडळांच्या प्रथमोपचार पेट्या, सर्वत्र ते रंगवलेले असते. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय ते वापरणे गुन्हा आहे, दंड ५०० रुपयांपर्यंत आणि माल जप्तही होऊ शकतो. दंड किरकोळ आहे, कारण मात्र गंभीर आहे. युद्धभूमीवर हे चिन्ह पाहून दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबावा, अशी जगाची संमती आहे, आणि जिथे तिथे ते दिसू लागले तर त्याचा धाक उरत नाही. आपल्या पेटीवर हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस रंगवावा. प्रथमोपचाराचे जगमान्य चिन्ह तेच आहे.

गृहनिर्माण सोसायटी, गणेश मंडळ, बचत गट किंवा शाळेला वर्ग भरवायचा असेल तर पंचवीस-तीस नावांची यादी, मोकळी खोली आणि दोन सुट्टीचे दिवस एवढे पुरते; जिल्हा शाखा प्रशिक्षक पाठवते. सप्टेंबरचा दुसरा शनिवार जागतिक प्रथमोपचार दिन म्हणून पाळतात, त्याच्या महिनाभर आधी शाखेशी बोलले तर तारीख सहज मिळते. यादीत सोसायटीचा पहारेकरी, शाळेच्या बसचा चालक, अंगणवाडी सेविका आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आवर्जून घ्याव्यात, कारण प्रसंग घडतो तेव्हा बहुधा तीच माणसे जवळ असतात. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते. ती संपायच्या आत पुन्हा सराव करावा लागतो, म्हणून वर्ग झाला त्याच दिवशी पुढची तारीख वहीत लिहून ठेवावी.